उसाच्या रसाचा घरगुती शिरका



ऊस म्हटला की साखर, गूळ, काकवी आणि रसवंतीवरचा गार ग्लास एवढेच आपल्यापुढे येते. उत्तर प्रदेश व पंजाबकडच्या खेड्यांत उसाच्या रसाचा शिरकाही घालतात. फिलिपाइन्सच्या इलोकोस भागात तर तो रोजच्या स्वयंपाकात असतो. आपल्याकडे शिरका किंवा व्हिनेगर म्हणजे चायनीजच्या गाडीवरची पांढरी बाटली! तो पुष्कळदा ॲसिटिक ॲसिडमध्ये पाणी मिसळून केलेला असतो. त्याला कायद्याची हरकत नाही, पण लेबलवर ‘सिंथेटिक’ छापावे लागते. एकदा वाचून बघा. आंबवून होणाऱ्या शिरक्याचा कच्चा माल मात्र आपल्याच फडात उभा आहे.

पुष्कळांची समजूत अशी की रस तसाच ठेवला, नासला, की झाला शिरका. तसे नव्हे. यात दोन पायऱ्या आहेत. पहिलीत यीस्ट साखरेचा मद्यार्क करते, तिला हवा लागत नाही. दुसरीत जिवाणू मद्यार्काचे आम्ल करतात, त्यांना भरपूर हवा लागते. हे काम सूक्ष्म जीवांचे आहे, असे फ्रान्सच्या लुई पाश्चर यांनी १८६० च्या दशकात दाखवून दिले. या दोन पायऱ्यांची गल्लत झाली की रस वाया जातो.

ऊस पक्व आणि त्याच दिवशी तोडलेला घ्यावा. शिळ्या उसात साखर फुटते आणि ल्युकोनोस्टॉक नावाचे जिवाणू रस चिकट, तार सुटल्यासारखा करतात. (तोडलेला ऊस चोवीस तासांत गव्हाणीत आला पाहिजे असा आमचा धोशा असतो, तो याचसाठी, बरं का!) रस आले-लिंबू-बर्फ न घालता काढून आणावा. दोन लिटर रस दहा मिनिटे उकळून वरची मळी काढावी, गाळावा आणि उकळून गार केलेले एक लिटर पाणी घालावे. पाणी कशाला? आपल्या पक्व उसाचा रस साधारण १८ ब्रिक्स असतो. तो तसाच आंबवला तर मद्यार्क जास्त होतो आणि पुढचे जिवाणू मंदावतात. पाण्याने तो १२ ब्रिक्सवर येतो.

रस पूर्ण गार झाल्यावर पाव चमचा बेकरीचे कोरडे यीस्ट घालावे. बरणी काचेची किंवा चिनी मातीची हवी. तांबे, पितळ, ॲल्युमिनियम बिलकुल नको, आम्ल धातू खाते. बरणी पाऊण भरावी आणि झाकण नुसते टेकवून ठेवावे. घट्ट फिरवले तर आतल्या वायूने काच फुटते, आणि घरात लहान मुले असतात.

पाच-सात दिवसांत बुडबुडे थांबतात. आता यात मद्यार्क आहे. इथे थांबायचे नाही. बिनपरवाना दारू करणे गुन्हा आहे, हे सांगायला नकोच. वरची निवळ रुंद तोंडाच्या बरणीत ओतून त्यात चौथा हिस्सा विरजण-शिरका लगेच घालावा. विरजण म्हणजे न गाळलेला, न तापवलेला, तळाशी गढूळ साका असलेला शिरका. सफरचंदाचा असा मिळतो. सिंथेटिकचे विरजण लागत नाही. तोंडाला पातळ फडके बांधून अंधाऱ्या, उबदार कोपऱ्यात ठेवावे. वर साय धरते, ती मोडू नये. मात्र हिरवी-काळी लव आली तर सगळे फेकून द्यावे. सहा आठवडे ते तीन महिने लागतात. मग गाळून, ६५ अंशांवर अर्धा तास तापवून बाटल्या काठोकाठ भराव्यात.

बाजारातल्या शिरक्यात किमान ३.७५ टक्के आम्ल असावे असा नियम आहे. घरच्यात किती उतरले ते जिभेला कळत नाही. म्हणून वर्षभराचे लोणचे त्यावर टाकू नये. त्यासाठी आम्लता छापलेली बाटली आणावी. रोजच्या स्वयंपाकाला आपला उत्तम.

स्वादाचे शिरके करणे सोपे. लसूण ठेचून, हिरवी मिरची चिरून, मिरे, आल्याचे काप, जे आवडेल ते धुऊन पूर्ण कोरडे करावे, शिरक्यात बुडवून दोन आठवड्यांनी गाळावे. लसूण कधी निळा-हिरवा पडतो, त्यात बिघडलेले काही नसते. जांभळाच्या दिवसांत बिया काढून जांभळे घातली तर रंग पाहूनच घरचे विचारतील. असा शिरका फ्रिजमध्ये ठेवावा.

चिरलेल्या कांद्यावर मीठ आणि मिरचीचा शिरका घातला की भाकरीबरोबर दुसरे तोंडीलावणे लागत नाही. मटणाला लसणाचा शिरका तासभर लावून ठेवावा. गोव्याच्या विंदालूत शिरका आणि लसूण हाच जीव आहे, फक्त तिथे माडाच्या सुरेचा शिरका वापरतात. डाळी-उसळीला मात्र तो शेवटी घालावा. चिंच आधी पडली की डाळ शिजत नाही, हे आमच्या भगिनींना ठाऊक आहेच, शिरक्याचेही तेच. हिरव्या भाजीत शिजताना घातला तर तिचा रंग उतरतो, तेव्हा पानात वाढतानाच शिंपडावा.

— ऊस विकास अधिकारी