विश्लेषण : युद्धनौकेवर महिला आणि पुरुषांचे शयनकक्ष एकत्र असावेत का?

अग्निवीर योजनेतून भारतीय नौदलात पहिल्यांदाच महिला नौसैनिक दाखल झाल्या. ओडिशातील आयएनएस चिल्का येथे प्रशिक्षण घेतलेल्या सुमारे २,६०० अग्निवीरांच्या पहिल्या तुकडीचे दीक्षान्त संचलन २८ मार्च २०२३ रोजी झाले. त्यात सुमारे २७० महिला होत्या. महिला जहाजावर काम करू शकतात का, हा वाद आता मागे पडला आहे. त्या जहाजावर झोपणार कुठे, हा प्रश्न मात्र अजून सुटलेला नाही. वरकरणी तो किरकोळ वाटतो. प्रत्यक्षात किती महिलांना समुद्रावर जाण्याची संधी मिळेल, हे अनेकदा बंकांच्या संख्येवरून ठरते. जगातील नौदलांनी त्यावर वेगवेगळी उत्तरे शोधली आहेत.

जहाजावर झोपण्याची व्यवस्था कशी असते?

अधिकारी आणि नौसैनिक यांच्या व्यवस्थेत मोठा फरक असतो. अधिकाऱ्यांना केबिन मिळते. ती दोघांची किंवा तिघांची असली, तरी तिला दार असते. त्यामुळे दोन-चार महिला अधिकारी जहाजावर आल्या, तर एखादी केबिन त्यांना देऊन प्रश्न सुटतो. नौसैनिकांचे तसे नसते. ते मेस डेकवर राहतात. एकावर एक दोन किंवा तीन बंक, प्रत्येकाला पडदा, सामानासाठी छोटा लॉकर आणि सर्वांसाठी सामाईक स्वच्छतागृह, अशी ही व्यवस्था असते. पाणबुडीत जागा आणखी कमी असते. मुंबईच्या माझगाव डॉकमध्ये बांधलेल्या कलवरी वर्गातील पाणबुडीची लांबी सुमारे ६७ मीटर आहे आणि त्यात चाळीसहून अधिक जण राहतात. अमेरिकेच्या हल्लेखोर पाणबुड्यांवर तर कनिष्ठ नौसैनिकांना अनेकदा ‘हॉट बंकिंग’ करावे लागते. एक जण पाळीवर गेला की दुसरा त्याच बंकवर झोपतो आणि दोन बंक तिघांत वापरले जातात.

बंकांचे गणित महिलांच्या आड कसे येते?

समजा, नऊ बंकांची एक खोली महिलांसाठी राखून ठेवली. त्या जहाजावर सहाच महिला नेमल्या गेल्या, तर तीन बंक रिकामे राहतात आणि तेवढे नौसैनिक कमी न्यावे लागतात. दहावी महिला आली, तर ती कितीही कुशल असली तरी तिला जागा नाही. म्हणजे नेमणूक कौशल्यावर न ठरता रिकाम्या बंकावर ठरते. समुद्रावरील सेवा हा नौदलातील बढतीचा पाया असल्याने हे नुकसान पुढे कारकीर्दभर जाणवते. दुसरी अडचण हुद्द्याची. पुरुषांमध्ये वरिष्ठ आणि कनिष्ठ नौसैनिकांच्या मेस वेगळ्या असतात. महिला मोजक्याच असतील तर त्या सर्वांना एकाच खोलीत राहावे लागते. तिसरी अडचण झोपेची. एका खोलीतील महिला वेगवेगळ्या विभागांतील आणि वेगवेगळ्या पाळ्यांतील असतात. त्यामुळे दिवसरात्र कोणाचा ना कोणाचा गजर वाजत राहतो.

भारतात हा मुद्दा न्यायालयात कसा आला?

नव्वदच्या दशकाच्या अखेरीस आयएनएस ज्योती या तेलवाहू जहाजावर महिला अधिकाऱ्यांना पाठवण्याचा प्रयोग झाला होता. तो फार काळ टिकला नाही. पुढे महिला अधिकाऱ्यांच्या कायमस्वरूपी नियुक्तीचा खटला सर्वोच्च न्यायालयात पोहोचला. रशियन बनावटीच्या जहाजांवर महिलांसाठी स्वच्छतागृहे नाहीत, असे तेव्हा केंद्र सरकारच्या वतीने सांगण्यात आले. न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड आणि न्यायमूर्ती अजय रस्तोगी यांच्या खंडपीठाने १७ मार्च २०२० रोजी निकाल देताना हा युक्तिवाद फेटाळला आणि महिला अधिकाऱ्यांना कायमस्वरूपी नियुक्ती नाकारता येणार नाही, असे स्पष्ट केले. त्यानंतर चित्र वेगाने बदलले. २०२१च्या सुरुवातीला आयएनएस विक्रमादित्य आणि आयएनएस शक्ती या जहाजांवर चार महिला अधिकारी रुजू झाल्या. डिसेंबर २०२३ मध्ये लेफ्टनंट कमांडर प्रेरणा देवस्थळी यांची आयएनएस त्रिंकट या जहाजाच्या कमांडिंग ऑफिसरपदी निवड जाहीर झाली. नौदलाच्या जहाजाचे नेतृत्व महिलेकडे जाण्याची ही पहिलीच वेळ होती. मात्र हे सारे केबिनमध्ये राहणाऱ्या अधिकाऱ्यांबाबत झाले. मेस डेकवरील नौसैनिकांचा प्रश्न अग्निवीर महिलांमुळे आता उभा राहिला आहे.

अमेरिका आणि ब्रिटनने काय केले?

अमेरिकेच्या नौदलाने शयनकक्ष वेगळे ठेवण्याचा मार्ग धरला. पाणबुड्यांवरील बंदी २०१० मध्ये उठली. पुढच्या वर्षी महिला अधिकारी ओहायो वर्गातील मोठ्या पाणबुड्यांवर रुजू झाल्या. त्यांना तिघींची एक केबिन मिळाली. अधिकाऱ्यांचे स्वच्छतागृह मात्र सामाईकच राहिले. आत कोण आहे हे कळावे म्हणून दारावर उलटता येणारी पाटी लावण्यात आली. या वर्गात नौसैनिकांसाठी नऊ बंकांच्या छोट्या खोल्या असल्याने पुढे महिला नौसैनिकांची सोय करणेही शक्य झाले. २०१७ मध्ये सेवेत आलेल्या जेराल्ड फोर्ड या विमानवाहू नौकेत पुरुषांची मुताऱ्यांची व्यवस्थाच ठेवलेली नाही. त्यामुळे कोणताही कक्ष गरजेनुसार महिलांना किंवा पुरुषांना देता येतो. सप्टेंबर २०२४ मध्ये दाखल झालेली यूएसएस न्यू जर्सी ही मिश्र कर्मचाऱ्यांचा विचार करून मुळातच आखलेली अमेरिकेची पहिली हल्लेखोर पाणबुडी आहे.

ब्रिटनने १९९० मध्ये महिलांना युद्धनौकांवर पाठवले, पण पाणबुड्या बंदच ठेवल्या. पाणबुडीतील हवेत कार्बन डायऑक्साइडचे प्रमाण जास्त असते आणि त्याचा गर्भावर परिणाम होईल, असे कारण दिले जात होते. वैद्यकीय तपासणीत ही भीती गर्भवती नसलेल्या महिलांना लागू होत नसल्याचे दिसले. त्यानंतर बंदी उठली आणि २०१४ मध्ये पहिल्या तीन महिला पाणबुडी सेवेसाठी पात्र ठरल्या.

एकत्र शयनकक्षांचा प्रयोग कोणी केला?

नॉर्वेने १९८५ मध्येच पाणबुड्या महिलांना खुल्या केल्या आणि १९९५ मध्ये सोल्वेग क्रे या पाणबुडीचे नेतृत्व करणाऱ्या पहिल्या महिला ठरल्या. कॅनडाच्या व्हिक्टोरिया वर्गातील पाणबुड्यांवर महिला आणि पुरुष एकाच झोपण्याच्या जागेत बंक घेतात. कपडे बदलण्यासाठी स्वच्छतागृह किंवा पडदा, हाच तिथला खासगीपणा.

भारतातही याचे छोटे उदाहरण आहे. गोव्यात बांधलेल्या आयएनएसव्ही तारिणी या ५६ फुटी शिडाच्या नौकेतून नौदलाच्या सहा जणांनी नोव्हेंबर २०२२ ते मे २०२३ या काळात गोवा, केप टाउन, रिओ दी जानेरो आणि परत असा १८८ दिवसांचा प्रवास केला. त्यात लेफ्टनंट कमांडर दिलना के. आणि लेफ्टनंट कमांडर रूपा ए. या दोन महिला होत्या. एवढ्या लहान नौकेत सहा जणांनी एकत्र राहण्यावाचून पर्याय नसतो. अर्थात हे निवडक, स्वेच्छेने आलेले आणि एकमेकांना ओळखणारे दर्यावर्दी होते. दोनशे-तीनशे जणांच्या युद्धनौकेला हा अनुभव जसाच्या तसा लागू करता येणार नाही.

एकत्र राहण्याचे परिणाम काय दिसले?

याबाबत सर्वात ठोस अभ्यास नॉर्वेच्या सैन्यातील आहे. गॉर्डन डाल, आंद्रेआस कोट्सादाम आणि डान-ओलोफ रूथ या अर्थतज्ज्ञांनी प्राथमिक प्रशिक्षणातील जवानांचा अभ्यास केला. काही तुकड्यांत महिलांना यादृच्छिक पद्धतीने नेमण्यात आले आणि त्या तुकडीतील सर्व जण आठ आठवडे एकत्र राहिले, एकत्र काम करत राहिले. मिश्र तुकड्या केवळ पुरुषांच्या तुकड्यांइतकीच किंवा अधिक चांगली कामगिरी करतात, असे मानणाऱ्या पुरुषांचे प्रमाण त्यामुळे १४ टक्के बिंदूंनी वाढले. पुरुषांच्या समाधानावर किंवा सैन्यात राहण्याच्या इच्छेवर वाईट परिणाम दिसला नाही. हा अभ्यास २०२१ मध्ये ‘क्वार्टरली जर्नल ऑफ इकॉनॉमिक्स’मध्ये प्रसिद्ध झाला. मात्र त्याचा दुसरा निष्कर्षही तितकाच महत्त्वाचा आहे. तुकड्या विखुरल्यावर सहा महिन्यांनी हा बदल टिकलेला दिसला नाही. शिवाय हा प्रयोग जमिनीवरील बराकीतील होता. बराकीतून बाहेर पडता येते, गस्तीवरील पाणबुडीतून येत नाही.

आक्षेप कोणते आहेत?

पहिला आक्षेप खासगीपणाचा. तो केवळ महिलांचा नाही. सहा महिने समुद्रावर असलेल्या नौसैनिकाला, मग तो पुरुष असो वा महिला, दिवसातून काही तास तरी कोणाच्या नजरेखाली नसावे असे वाटते. दुसरा आक्षेप घरच्यांचा. किनाऱ्यावरील पती-पत्नी आणि आईवडील या व्यवस्थेकडे कसे पाहतील, याचा परिणाम भरतीवर होऊ शकतो. भारतात १८-२० वर्षांच्या मुलीला नौदलात पाठवताना राहण्याची सोय हा पालकांचा पहिला प्रश्न असतो. तिसरा आणि सर्वात गंभीर आक्षेप सुरक्षिततेचा. छळ करणारा शेजारच्याच बंकवर असेल तर तक्रार करणारी व्यक्ती जाणार कुठे?

वेगळे कक्ष म्हणजे सुरक्षितता का?

अनुभव तसे सांगत नाही. अमेरिकेच्या यूएसएस वायोमिंग या पाणबुडीवर महिला अधिकाऱ्यांचे स्नानगृहाजवळ कपडे बदलताना चोरून चित्रीकरण झाल्याचे २०१४ मध्ये उघड झाले. तिथे महिलांची केबिन वेगळीच होती. यूएसएस फ्लोरिडावर महिला सहकाऱ्यांविषयी अश्लील यादी फिरवली जात असल्याचे प्रकरण २०१८ मध्ये घडले. ते हाताळण्यात कमी पडल्याबद्दल कमांडिंग ऑफिसरला पदावरून हटवण्यात आले. ब्रिटनमध्ये पाणबुडी सेवेतील महिलांच्या तक्रारींची चौकशी झाली आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये नौदलप्रमुखांना जाहीर माफी मागावी लागली. दुसरीकडे, नॉर्वेच्या सैन्यातही सर्वेक्षणांतून लैंगिक छळाच्या तक्रारी पुढे आल्या आहेत. म्हणजे भिंत असल्याने छळ थांबत नाही आणि भिंत काढल्यानेही तो आपोआप संपत नाही. तक्रार आल्यावर वरिष्ठ काय करतात आणि त्यांना जाब विचारला जातो का, यावर बरेच काही अवलंबून असते.

भारतासाठी व्यवहार्य मार्ग कोणता?

सरसकट एकत्र शयनकक्ष भारतीय नौदलात लगेच येण्याची शक्यता कमी आहे आणि महिला नौसैनिकांच्या संमतीशिवाय ते लादणे योग्यही ठरणार नाही. पण ‘जागा नाही’ म्हणून नेमणूक नाकारणेही आता न्यायालयात टिकणारे नाही. मधला मार्ग जहाजाच्या आराखड्यात आहे. मोठ्या मेस डेकऐवजी सहा ते नऊ बंकांच्या लहान खोल्या, प्रत्येक खोलीला लागून स्वच्छतागृह, पूर्ण बंद होणारे पडदे आणि कपडे बदलण्यासाठी दार असलेली जागा असेल, तर तीच खोली या फेरीला महिलांना आणि पुढच्या फेरीला पुरुषांना देता येते. त्याच्या जोडीला जहाजाच्या कमांडच्या साखळीबाहेर तक्रार करण्याची सोय हवी.

जुन्या जहाजांत असे बदल करणे महागडे आणि अवघड असते. नव्या जहाजात ते कागदावरच करता येतात. युद्धनौका साधारण तीस वर्षे सेवेत राहते. त्यामुळे माझगाव डॉक आणि इतर गोद्यांमध्ये आज जे आराखडे अंतिम होतील, त्यांवर २०५० नंतरही महिलांच्या समुद्रावरील जागा ठरतील. अग्निवीरांच्या पहिल्या तुकडीची चार वर्षे २०२६च्या अखेरीस पूर्ण होत आहेत आणि त्यांतील २५ टक्क्यांपर्यंतच अग्निवीरांना कायम सेवेत घेतले जाणार आहे. त्या निवडीत समुद्रावरील अनुभवाला वजन मिळाले, तर बंक मिळाला की नाही हे महिलांसाठी निर्णायक ठरू शकते.