कॉलेज सोडण्याचा हक्क

स्पेन्सर हेवुड मैदानात उतरला की समोरच्या संघाचा निवेदक ध्वनिक्षेपकावरून जाहीर करायचा, की मैदानावर एक बेकायदेशीर खेळाडू आहे. ही आठवण हेवुडने स्वतःच अनेकदा सांगितली आहे. तेव्हा तो एकवीस वर्षांचा होता. मिसिसिपीतल्या कापसाच्या शेतात राबत मोठा झालेला हा मुलगा 1968 च्या मेक्सिको ऑलिम्पिकमध्ये सुवर्णपदक जिंकलेल्या अमेरिकी बास्केटबॉल संघात होता. गुन्हा एवढाच, की शाळा सुटून चार वर्षं व्हायच्या आतच त्याने एनबीए या व्यावसायिक लीगमधल्या सिएटल संघाशी करार केला होता. त्याआधी खेळाडू घ्यायचा नाही, हा एनबीएचा नियम आड येत होता. प्रकरण कोर्टात गेलं आणि 1 मार्च 1971 रोजी सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती विल्यम डग्लस यांनी त्याच्या बाजूने हुकूम दिला. हेवुडला खेळता आलं.

पुढे एनबीएने जो मार्ग काढला तो मला आजही बोचतो. कॉलेज अर्धवट सोडायचं तर घरची हलाखी सिद्ध करा! वीस वर्षांच्या पोराने आपली गरिबी कागदावर मांडायची आणि मग परवानगी मिळवायची. ही अट 1976 मध्ये गेली.

दार उघडलं तसे एकेक जण बाहेर पडले. मॅजिक जॉन्सन 1979 मध्ये दोन वर्षांनी, मायकेल जॉर्डन 1984 मध्ये तीन वर्षांनी. जॉर्डनला जा म्हणून सांगणारे खुद्द त्याचे प्रशिक्षक डीन स्मिथ होते. आधी पदवी पूर्ण कर, असं त्याच्या आईचं म्हणणं होतं. भूगोलाची ती पदवी त्याने पुढे घेतली. टिम डंकन मात्र चारही वर्षं वेक फॉरेस्टला थांबला. तो चौदा वर्षांचा होण्याच्या आदल्या दिवशी त्याची आई कर्करोगाने गेली होती, आणि शिक्षण पूर्ण करीन असा शब्द त्याने तिला दिला होता.

मला सगळ्यात जास्त आठवतो तो 2006 चा फ्लोरिडाचा संघ. कॉलेज स्पर्धेचं विजेतेपद मिळवल्यावर जोकिम नोआ, अल हॉरफर्ड, कोरी ब्रूअर आणि टॉरियन ग्रीन हे चौघे एका खोलीत राहणारे मित्र पुन्हा कॉलेजलाच आले. नोआ तेव्हा गेला असता तर एनबीएच्या वार्षिक निवडीत अगदी वरच्या क्रमांकावर निवडला गेला असता. मैत्रीची गोष्ट म्हणून ती सांगितली जाते, आणि ती आहेही. पण चौघांचं थांबणं सारखं नव्हतं. नोआचे वडील फ्रेंच ओपन जिंकलेले यानिक नोआ. हॉरफर्ड आणि ग्रीन यांचे वडील एनबीएत खेळलेले. ब्रूअरचे वडील टेनेसीत कचरा उचलण्याचं काम करत, आणि लहानपणी कोरीही त्यांना हातभार लावायचा. त्याने सोडलेलं ते कमाईचं एक वर्ष इतर तिघांपेक्षा कितीतरी जड होतं.

2 एप्रिल 2007 ला त्यांनी पुन्हा अंतिम सामना जिंकला. समोर ओहायो स्टेटचा ग्रेग ओडन होता, पहिल्याच वर्षाचा. ओडन लगेच बाहेर पडला आणि पहिल्या क्रमांकावर निवडला गेला. एनबीएतला पहिला सामना खेळायच्या आतच त्याच्या गुडघ्यावर शस्त्रक्रिया झाली. अख्ख्या कारकिर्दीत तो जेमतेम 105 सामने खेळू शकला. तो आणखी एक वर्ष थांबला असता आणि गुडघा कॉलेजातच गेला असता, तर हाताला काय लागलं असतं? लवकर निघणाऱ्या पोरांना लोभी म्हणणाऱ्यांनी ओडनच्या गुडघ्याचा विचार करावा.

ओडनला कॉलेजात जावं लागलं ते एनबीए आणि खेळाडूंच्या संघटनेतल्या 2005 च्या करारामुळे. त्याआधी केविन गार्नेट, कोबी ब्रायंट, लेब्रॉन जेम्स शाळेतून थेट आले होते. आता वय 19 आणि शाळेनंतर एक वर्ष, अशी अट आली. मग एक वर्ष खेळून निघण्याचा पायंडा पडला. केंटकीने तर 2012 चं विजेतेपद अशाच पोरांच्या जिवावर मिळवलं. विद्यापीठं आणि प्रशिक्षक त्यावर कोट्यवधी डॉलर कमवत होते, खेळाडूंना शिष्यवृत्तीपलीकडे फारसं काही मिळत नव्हतं. 20 फेब्रुवारी 2019 ला ड्यूकच्या झायन विल्यमसनचा बूट सामना सुरू होऊन मिनिटही झालं नव्हतं तोच फाटला आणि गुडघा मुरगळला. फुकट का खेळतोस, हा प्रश्न तेव्हा देशभर विचारला गेला.

उत्तर कोर्टातूनच आलं. जून 2021 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एकमताने एनसीएए या कॉलेज खेळांच्या संघटनेच्या विरोधात निकाल दिला, आणि 1 जुलैपासून खेळाडूंना स्वतःच्या नावावर, चेहऱ्यावर कमवायची मुभा मिळाली. त्या वर्षी एनबीएच्या निवडीसाठी लवकर नाव देणारे 353 जण होते. 2025 मध्ये ते 106 वर आले. त्याच जूनमध्ये मंजूर झालेल्या तडजोडीने विद्यापीठांना खेळाडूंना थेट पैसे द्यायची वाटही मोकळी झाली. पहिल्या वर्षी प्रत्येक विद्यापीठामागे साधारण 2 कोटी 5 लाख डॉलरपर्यंत.

याक्सेल लेंडेबोर्ग या कॉलेज खेळाडूने त्याच उन्हाळ्यात एनबीएसाठी नाव दिलं, शिकागोतल्या चाचणी शिबिरात खेळला, संघांचा अंदाज घेतला आणि मुदतीआधी नाव मागे घेऊन मिशिगनला खेळायला गेला.