वायरलेसवरची गृहिणी

घरचं माणूस दूर बेटावर, पहाटे भूकंप, मग समुद्र आत शिरलेला आणि फोन बंद! २६ डिसेंबर २००४ ला अंदमान-निकोबारला माणसं असलेल्या कितीतरी घरांची हीच गत झाली.

त्या दिवशी पोर्ट ब्लेअरला भारती प्रसाद होत्या. दिल्लीच्या गृहिणी, पण परवाना काढलेल्या हौशी रेडिओवाल्या, म्हणजे 'हॅम'. देशोदेशीच्या हॅमशी बोलायला छोट्या चमूसह तिथं गेलेल्या. हौसच ती, बरं का! त्यांनी संच पुन्हा सुरू केला. बॅटरी असली नि दोन झाडांमध्ये कपडे वाळत घालायच्या दोरीसारखी तार ताणली, की हा रेडिओ शेकडो मैल पोचतो. मध्ये ना केबल, ना मनोरा. मग दिवसचे दिवस 'अमके सुखरूप आहेत' असे निरोप त्या सांगत. इकडचे हॅम ते उतरवून घेत आणि घरच्यांना कळवत.

तुम्हालाही शिकायचंय? सरकारी परीक्षा असते. बारा वर्षं पूर्ण हवीत, वरची मर्यादा नाही. तेव्हा लेकीबरोबर आईनंही अर्ज भरायला हरकत नाही.