यादी पाठवा, अख्खं दुकान मागवू नका



आपल्यातल्या बऱ्याच जणांचं पोट कुठल्या ना कुठल्या डेटाबेसवर चालतं, म्हणून आज जरा धंद्यातलं लिहितो. एक टेबल सिंगापूरच्या एसक्यूएल सर्व्हरवर, दुसरं मुंबईच्या ओरॅकलमधे, आणि दोघांचा जॉइन लावायचा. हे दुखणं ज्याला माहीत नाही असा आयटीवाला इथे शोधून सापडायचा नाही. क्वेरी लिहायला दोन मिनिटं लागतात, उत्तर यायला दोन तास. मग मॅनेजर म्हणतो सर्व्हर वाढवा, डीबीए म्हणतो नेटवर्क बघा, आणि नेटवर्कवाला म्हणतो आमच्याकडे सगळं हिरवं दिसतंय.

पहिल्यांदा जरा भूगोल. सिंगापूर ते मुंबई सरळ अंतर सुमारे 3,900 किलोमीटर. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर जातो, म्हणजे जाऊन येऊन 39 मिलिसेकंद. याच्या खाली कुणाचा बाप आला तरी जाता येणार नाही. शिवाय केबल काही सरळ रेषेत टाकलेली नसते. 2005 साली सुरू झालेली सी-मी-वी 4 ही केबल इथे तुआसला लागते आणि मुंबईलाही लागते, पण वाटेत बरीच बंदरं घेत जाते. त्यामुळे प्रत्यक्षात 60 मिलिसेकंद धरून चाला.

आता आमच्याकडची गोष्ट. (कंपनीचं नाव नको, मालवाहतुकीतली आहे एवढंच.) उघड्या बुकिंगमधल्या 1,20,000 कंटेनरांची बिलं भरली आहेत की नाही हे रोज पहाटे मुंबईच्या टेबलाशी ताडून बघायचं. तिकडे चार कोटी ओळी. सकाळी सातला यादी तयार नसेल तर ट्रक फाटकापाशी खोळंबायचे. इथले सात म्हणजे पुण्यातले साडेचार, म्हणून तिथल्या टीममधली एक मुलगी रोज पहाटे दोनला उठून क्वेरी चालू आहे ना हे बघत बसायची. घरी तान्हं मूल. तीन महिने हे चाललं होतं आणि नोकरी सोडायचं तिने जवळजवळ ठरवलं होतं. इकडे नव्या सर्व्हरचं कोटेशन सहीसाठी तयार!

मी एक्झिक्युशन प्लॅन उघडला आणि फक्त 'रिमोट क्वेरी' या चौकोनाकडे पाहिलं. या चौकोनात पलीकडे नेमकं काय विचारलं जातंय ते शब्दशः लिहिलेलं असतं, आणि किती वेळा विचारलं तेही. उत्तर होतं 1,20,000 वेळा. पलीकडच्या टेबलाची आकडेवारी ऑप्टिमायझरला मिळत नव्हती, त्याने अंदाजाने थोड्याच ओळी असतील असं धरलं आणि प्रत्येक कंटेनरसाठी मुंबईला एक खेप सुरू केली. 1,20,000 गुणिले 60 मिलिसेकंद म्हणजे बरोब्बर दोन तास. तेवढा वेळ दोन्हीकडचे प्रोसेसर हातावर हात ठेवून बसलेले. दुप्पट ताकदीचा सर्व्हर आणला असता तर तोही तसाच बसला असता, फक्त जास्त भाडं घेऊन.

दुसऱ्या टोकाचा घोटाळाही नेहमीचा आहे. ऑप्टिमायझर खेपा टाळतो आणि चारच्या चार कोटी ओळी इकडे ओढून आणतो, आणि मग इथे बसून गाळतो. लिंक्ड सर्व्हरच्या सेटिंगमधे 'कोलेशन कंपॅटिबल' हे मुळात बंद असतं, त्यामुळे अक्षरांच्या अटी पलीकडे न जाता इथेच तपासल्या जाण्याची शक्यता असते.

पुण्याहून कुणी येणार असलं की आपण काय करतो? तीस किलोच्या बॅगेत अख्खी तुळशीबाग भरून आण असं सांगत नाही, आणि आज हळद, उद्या गोडा मसाला असे रोज फोनही करत नाही. एक यादी पाठवतो. डेटाबेसवाल्यांनी याला सेमी-जॉइन असं भारदस्त नाव दिलंय. बर्नस्टीन आणि चिऊ यांचा त्यावरचा निबंध 1981 सालचा, म्हणजे आपल्यातल्या काहींच्या जन्माआधीचा.

आम्ही तेच केलं. कंटेनरचा क्रमांक 11 अक्षरांचा असतो, म्हणजे 1,20,000 क्रमांकांची यादी जेमतेम 1.3 एमबी. ती मुंबईच्या एका रिकाम्या टेबलात टाकली, जॉइन तिकडेच ओरॅकलला करायला लावला आणि फक्त उत्तर मागवलं. एकूण चार मिनिटं. कोटेशन फायलीतच राहिलं, आणि ती मुलगी अजून टीममधे आहे.

यात दोन खड्डे आहेत, ते आधीच सांगून ठेवतो. यादी लिंक्ड सर्व्हरवरूनच इन्सर्ट केलीत तर तीही एकेक ओळ करत जाते, म्हणजे पुन्हा दोन तास! फाइल काढून ओरॅकलच्या लोडरने भरा. दुसरा खड्डा म्हणजे यादीचा कॉलम युनिकोड आणि तिकडचा साधा असेल, तर ओरॅकल आपल्या मोठ्या टेबलाचा कॉलम बदलून तुलना करतं आणि इंडेक्स बाजूला पडतो. प्रकार तंतोतंत जुळवून घ्या.

दोन्हीकडे ओरॅकल असेल तर 'ड्रायव्हिंग साइट' हा हिंट देऊन जॉइन कुठे व्हावा ते सांगता येतं. पण तोच सिलेक्ट इन्सर्टच्या आत टाकलात की हिंट गुपचूप दुर्लक्षिला जातो. रिपोर्ट पळतो, बॅच रांगते, आणि माणूस डोकं धरून बसतो.

पोस्टग्रेसवाल्यांचं नशीब त्या मानाने बरं, आणि त्यात आपल्या लोकांचाही हात आहे बरं का. एकाच दूरच्या सर्व्हरवरच्या दोन टेबलांचा जॉइन तिकडेच करण्याची सोय 2016 च्या 9.6 मधे आली, आणि बेरजा-सरासऱ्या तिकडे ढकलण्याची 2017 च्या 10 मधे. त्या नोंदींमधे आशुतोष बापट आणि जीवन चाळके ही नावं वाचून छाती जरा फुगतेच. मात्र दोन टेबलं दोन वेगळ्या सर्व्हरांवर असली की ही सोय लागू नाही, तिथे यादी आपणच पाठवायची. आणि 'फेच साइझ' बघा. तो न सांगता 100 असतो, म्हणजे 1,20,000 ओळींना 1,200 खेपा, सव्वा मिनिट नुसतं प्रवासात. 10,000 केलात की बारा खेपांत काम.

ट्रिनो (2020 पर्यंतचं प्रेस्टोएसक्यूएल) वापरणाऱ्यांना डायनॅमिक फिल्टरिंगमधे यादी आपोआप जाते. पण यादी फार लांबली तर ते नुसती सर्वांत लहान आणि सर्वांत मोठी किंमत पाठवतं. कंटेनर क्रमांकांसारख्या विखुरलेल्या गोष्टींना त्याचा उपयोग जवळजवळ शून्य.

'मग रोज रात्री सगळं टेबलच इकडे कॉपी का नाही करत?' असं कुणीतरी विचारणारच. करा की, कालचा डेटा चालत असेल तर जरूर करा. फक्त आपल्या 2012 च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात देशाबाहेर माहिती पाठवण्यावर अटी आहेत, आणि त्या यादीलाही लागू होतात. माणसांच्या नोंदी जुळवत असाल तर यादीत एनआरआयसी क्रमांक घालू नका. कंपनीचा स्वतःचा ग्राहक क्रमांक घाला आणि काम झालं की तिकडचं टेबल रिकामं करा.