मुंजाची आई

मुलांना भुताच्या गोष्टी सांगाव्यात की नाहीत, हा वाद पालकांच्या सभेत अधूनमधून निघतोच. मुले रात्री दचकून उठतात, अंधारात न्हाणीघरापर्यंत जायला धजत नाहीत, अशी आयांची तक्रार असते आणि ती खोटी नाही. तथापि आपल्या भाषेतील भुतांची नावे कोणी सावकाश आठवून पाहिली, तर एक गोष्ट त्याच्या ध्यानात आल्यावाचून राहणार नाही. ही भुते परकी नव्हेत. बहुतेक सारी आपल्याच घरातून अवेळी उठून गेलेली माणसे आहेत.

बाळंतपणात दगावलेली स्त्री म्हणजे अळवंत. ज्याची उत्तरक्रिया करावयास मागे कोणी उरले नाही, तो समंध. आणि मुंज झाली, पण सोडमुंज होण्यापूर्वीच जो मुलगा गेला, तो मुंजा. हा मुळात ब्राह्मणघरचा. पण पुढे गावोगावच्या पिंपळाखाली मुंजोबा होऊन तो सर्वांचाच झाला.

या मुंजाविषयी थोडे थांबून बोलले पाहिजे. मुंजीच्या दिवशी मातृभोजन असते. आई आणि मुलगा त्या दिवशी एका ताटात जेवतात, आणि असे एकत्र जेवणे ते शेवटचे, असे मानण्याचा प्रघात आहे. आठ वर्षांचे पोर त्या ताटावरून उठते आणि काही दिवसांत वा महिन्यांत तापाने जाते. पूर्वी हे दुर्मिळ नव्हते. १८९६ साली मुंबईस प्लेग उतरला, १९१८ साली इन्फ्लुएन्झाची साथ आली. देवीचा रोग तर या देशातून जावयास १९७५ साल उजाडावे लागले. ज्या घरातून असे मूल गेले, त्या घरात त्याचे नाव उच्चारणेही अशुभ ठरे. आईने रडायचे ते चुलीच्या धुराआड. मग ज्याला घरात जागा उरली नाही, त्याला गोष्टीने पिंपळावर जागा दिली. लंगोटी नेसलेला, शेंडी राखलेला, वाटसरूच्या पागोट्यावर खडे मारून हसणारा हा मुंजा फारसा दुष्ट नाहीच. त्याला खेळगडी हवा असतो. २०२४ साली आलेल्या ‘मुंज्या’ या हिंदी चित्रपटाने त्याला लग्नासाठी हपापलेला करून सोडले. प्रेक्षक भ्याले आणि हसलेही, पण आमच्या मते त्यात ते मूल हरवले.

आमच्या शाळेत एकदा पावसामुळे खेळाचा तास बुडाला, तेव्हा पाचवीच्या वर्गाला आम्ही मुंजाची गोष्ट सांगितली. खिडक्या लावलेल्या, वीज गेलेली, त्यामुळे गोष्ट चांगलीच रंगली. सारी मुले पुढे काय झाले म्हणून विचारीत होती. मागच्या बाकावरच्या एका मुलाने मात्र निराळाच प्रश्न केला. “सर, मुंजाची आई पिंपळाखाली जात होती का?” त्याचा थोरला भाऊ त्या उन्हाळ्यात नदीत बुडाला होता, हे आम्हांस ठाऊक होते. आम्ही म्हटले, “जात होती. रोज दिवेलागणीला खाऊ ठेवून येत होती.” त्याने पुन्हा विचारले, “मग तो घरी का येत नव्हता?” वर्ग एकदम शांत झाला. आम्ही उत्तर दिले, “त्याला येता येत नव्हते. यायचे मनात मात्र होते.” तो मुलगा त्यावर काही बोलला नाही. त्याने मान खाली घातली आणि वर्गात दोन-अडीच महिन्यांत प्रथमच तो रडला.

मुंजाहून भयंकर ती हाकामारी. रात्री दाराबाहेरून ती ओळखीच्या आवाजात नाव घेऊन बोलावते, म्हणून पहिल्या हाकेला ओ देऊ नये, अशी शिकवण असे. सीमाभागातील वाचकांना कर्नाटकातील ‘नाळे बा’ आठवेल. १९९०च्या दशकात त्या भीतीने घरांच्या दारांवर ‘उद्या ये’ अशा अर्थाची ही अक्षरे लिहिली गेली. आता हा ओळखीचा आवाज कोणाचा? वेल्समधील डॉक्टर ड्यूई रीस यांनी १९७१ साली जोडीदार गमावलेल्या २९३ स्त्रीपुरुषांची पाहणी प्रसिद्ध केली. त्यांपैकी निम्म्याच्या जवळपास लोकांना गेलेले माणूस जवळ असल्याचा, दिसल्याचा वा बोलल्याचा अनुभव आला होता. आणि बहुतेकांनी तो कोणाजवळ बोलून दाखविला नव्हता. प्रौढांची ही अवस्था, तर आई गेलेल्या सहा वर्षांच्या मुलीला रात्री हाक ऐकू आली, तर तिने ती कोणाला सांगावी? ‘आई देवाघरी गेली’ एवढ्यावर आपण बोलणे मिटवितो. हाकामारीची गोष्ट निदान अशी हाक ऐकू येते, हे तरी कबूल करते. अशा मुलीला मात्र हाकामारीची भीती घालू नये. काय ऐकलेस, ते तिला विचारावे आणि शेवटपर्यंत ऐकून घ्यावे.

महाराष्ट्राबाहेरच्या आपल्या घरांतील मुलांना चुडैल ठाऊक असते, मुंजा नसतो. हा केवळ एका शब्दाचा तोटा नव्हे. म्हणून गोष्ट सांगावी, दिवा मालवू नये, आणि गोष्टीतली आई गाळू नये. मुलाने तीच गोष्ट दहा वेळा मागितली, तर दहा वेळा सांगावी. काही घरांत कार्यापूर्वी मुंज झालेल्या एखाद्या बटूला बोलावून गेलेल्या मुलाच्या नावाने जेवू घालतात. पानावर बसलेला तो मुलगा कोणाच्या नावाने जेवतो आहे, असे लहानग्यांनी विचारले, तर त्यांना गप्प करू नये. त्याचे नाव सांगावे, वय सांगावे, आणि त्याला पुरणपोळी आवडत असे की श्रीखंड, तेही सांगावे.