ध्वनिमिश्रण, घरगुती

चुंबकीय फितीच्या निरनिराळ्या मार्गांवर घरी मुद्रित केलेले आवाज एकत्र करून त्यांचे द्विमार्गी म्हणजे स्टिरिओ अंतिम मुद्रण तयार करण्याची क्रिया. येथे सदृश म्हणजेच ॲनालॉग उपकरणे आणि कंठसंगीत, साधी गिटार, व्हायोलिन, सतार इ. विद्युत् साहाय्याविना निर्माण होणारे संगीत यांपुरताच विचार केला आहे.

जपानच्या टीॲक कंपनीने १९७९ मध्ये ‘मॉडेल १४४ पोर्टास्टुडिओ’ हे यंत्र बाजारात आणले. चार मार्गांचा कॅसेट मुद्रक आणि मिश्रक त्यात एकत्र बसविलेले होते. स्टिरिओ कॅसेटच्या दोन बाजूंचे मिळून होणारे चारही मार्ग त्यात एकाच दिशेने वापरीत. फितीचा वेग सेकंदाला ४·७६ सेंमी. ऐवजी सु. ९·५ सेंमी. असल्याने उच्च कंप्रतांचे मुद्रण सुधारे. मात्र ६० मिनिटांच्या कॅसेटवर १५ मिनिटांचेच संगीत मावे.

मिश्रणातील मुख्य अडचण फितीच्या स्वाभाविक गोंगाटाची असते. सारख्याच पातळीचे दोन मार्ग एकत्र केल्यास गोंगाट ३ डेसिबेलने व चार मार्ग एकत्र केल्यास ६ डेसिबेलने वाढतो. मोठ्या वाद्यवृंदात तो झाकला जातो; परंतु सतारीचा विरत जाणारा स्वर किंवा गायकाचा विराम यांत तो स्पष्ट ऐकू येतो. म्हणून मूळ मुद्रणाची पातळी विकृती न येईल इतकी उच्च ठेवतात आणि मिश्रणाच्या वेळी ज्या मार्गावर वादन थांबले असेल त्याची पातळी शून्यावर आणतात. उच्च कंप्रता मिश्रणात वाढविल्यास गोंगाटही वाढतो. यासाठी वाढविण्यापेक्षा नको असलेल्या कंप्रता कमी करणे श्रेयस्कर ठरते. डॉल्बी बी पद्धतीने उच्च कंप्रतांतील गोंगाट सु. १० डेसिबेलने घटतो. मात्र मुद्रणाला वापरलेली पद्धतच पुनरुत्पादनाच्या वेळीही वापरावी लागते.

मार्ग अपुरे पडल्यास तीन मार्गांचे मिश्रण चौथ्यावर घेऊन पहिले तीन पुन्हा वापरतात. जुने मुद्रण पुसले गेल्यावर त्या तीन आवाजांचे परस्पर प्रमाण कायमचे निश्चित होते. ते नंतर सुधारता येत नसल्याने हा निर्णय विचारपूर्वक घ्यावा लागतो.

प्रत्यक्ष मिश्रणापूर्वी यंत्रांची शीर्षे अल्कोहॉलने स्वच्छ करतात. प्रथम मुख्य आवाजाची पातळी ठरवून इतरांची त्याच्या अनुषंगाने जुळवितात आणि प्रत्येकाला डावी, मधली वा उजवी जागा देतात. एकच वाद्य दोन ध्वनिग्राहकांनी मुद्रित केले असल्यास तरंगांचे चढ-उतार परस्परविरुद्ध पडून आवाज क्षीण होऊ शकतो. दोन्ही वाहिन्या एकत्र करून ऐकल्यास हा दोष उघड होतो. कृत्रिम अनुरणन बेताचेच द्यावे लागते, कारण खोलीतील मूळ अनुरणन मुद्रणात आधीच उतरलेले असते. पातळ्यांतील बदल गाणे चालू असताना हातानेच करावयाचे असल्याने मिश्रण हेही एक प्रकारचे वादनच होय. चूक झाल्यास पुन्हा आरंभापासून सुरुवात करावी लागते किंवा रीळ-फीत कापून जोडावी लागते.

अमेरिकन गायक ब्रूस स्प्रिंगस्टीन यांनी जानेवारी १९८२ मध्ये न्यू जर्सीतील घरी याच यंत्रावर मुद्रित केलेली गीते एका प्रतिध्वनी-यंत्रातून नेऊन साध्या कॅसेट यंत्रावर मिश्रित केली. पुढे स्टुडिओत वाद्यवृंदासह केलेल्या मुद्रणांत मूळचा भाव उतरला नाही, म्हणून घरचेच मुद्रण ‘नेब्रास्का’ या नावाने त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये प्रसिद्ध झाले. त्यावरून तबकडी तयार करणे मात्र कष्टाचे ठरले.

संगणकीय मिश्रणात प्रत्येक बदल साठविता वा रद्द करता येतो. फितीवर ही सोय नसल्याने कोणता आवाज पुढे ठेवावयाचा व कोणता मागे, हे मुद्रणापूर्वीच ठरवावे लागते. मूळ मुद्रणातील उणिवा मिश्रणाने भरून निघत नाहीत. आहे त्यातील तोल तेवढा साधता येतो.