मीठ कमी आहे

दोन वर्षांपूर्वीच्या रमजानमधली गोष्ट. मगरिबची अजान झाली, खजुराने रोजा सोडला, नमाज आटोपून दस्तरखानवर बसलो आणि पहिल्याच घासाला माझ्या तोंडून निघाले, "खिम्यात मीठ कमी आहे." पत्नी काही बोलली नाही. उठली, मिठाची बरणी आणून माझ्यापुढे ठेवली. दुसरीत शिकणारी धाकटी मात्र बोललीच, "अब्बा, अम्मीचा पण रोजा होता ना? मग चव कशी बघणार?"

मी शिक्षक. त्याच दिवशी शाळेत पाचवीच्या वह्या तपासल्या होत्या. ज्याला धड जोडाक्षर लिहिता येत नाही, त्याच्याही वहीवर 'छान प्रयत्न' असा शेरा दिला होता. चूक दाखवण्याआधी काय जमले ते सांगा, हे आम्हाला बी.एड.ला शिकवलेले. आणि जी पहाटे साडेतीनला उठून सगळ्यांची सहरी करते, तिच्यासाठी माझ्याकडे फक्त लाल पेन!

जेवणाच्या बाबतीत आपल्यापुढे नमुना आहेच. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी कधीही अन्नाला नाव ठेवले नाही, अशी हजरत अबू हुरैरा (रजि.) यांची रिवायत आहे. पुष्कळ पुरुष इथेच थांबतात. 'मी कधी तक्रार करत नाही' असे अभिमानाने सांगतात. पण हजरत जाबिर (रजि.) यांचीही एक रिवायत आहे. घरात भाकरीबरोबर खायला सिरक्याशिवाय काही नव्हते. प्रेषितांनी (स.) तोच मागवला, आणि जेवता जेवता त्या सिरक्याचीच तारीफ केली. साधा सिरका! आपण बिर्याणीलाही गप्प बसतो.

अमेरिकेत जॉन गॉटमन या मानसशास्त्रज्ञाने नवविवाहित जोडप्यांचे निरीक्षण केले आणि सहा वर्षांनी त्यांची पुन्हा चौकशी केली. एकाने सहज काही म्हटले, 'बघ, पाऊस आला' इतके साधेसुद्धा, तर दुसरा तिकडे लक्ष देतो का, हे त्याने पाहिले. ज्यांचा संसार टिकला ते 100 पैकी 86 वेळा लक्ष देत होते. ज्यांचा तलाक झाला ते 33 वेळा. आपल्या घरी हा आकडा किती निघेल? मोबाईल हातात असताना मोजून पाहा.

भगिनींनाही एक सांगावेसे वाटते. माझ्या वर्गातल्या काही मुलांचे अब्बा आखातात आहेत. तिथल्या उन्हात दिवसभर राबून माणूस रात्री फोन लावतो, आणि घरून पहिला प्रश्न येतो, 'पैसे कधी पाठवताय?' प्रश्न खोटा नाही, फी भरायचीच असते. पण त्याआधी 'जेवलात का?' विचारायला किती वेळ लागतो?

हे सगळे लिहिणे सोपे आहे. त्या इफ्तारीनंतर चार दिवसांनी मी धीर करून म्हणालो, "आजचा चहा फार छान झालाय." पत्नीने संशयाने माझ्याकडे पाहिले. "अहो, काय हवंय तुम्हाला? कोणी जेवायला येणार आहे का?" अठरा वर्षांच्या संसारात माझ्या तारिफेची ही पत होती! पटायला तिला बरेच महिने लागले, आणि मला न अडखळता बोलायला त्याहून जास्त.

आता रमजानमध्ये सालनातले मीठ धाकटी चाखून सांगते, तिच्यावर अजून रोजे फर्ज नाहीत. तिचाही अंदाज कधी कधी चुकतो. मग बरणी आणायला मी उठतो.